मेहमुदाला न पटलेला शेवट

"पेंढाच भरलाय ना त्या गोणीत? मग एवढा घाम कशाला फुटलाय रे तुला?"

शब्द तोंडातून निसटले आणि मेहमुदानं जीभ चावली. अनोळखी माणसाशी असं बोलायची तिची कुठली हिंमत! पण त्या सकाळी तिच्या अंगावर जांभळं जरीकाठी पातळ होतं, गळ्यात टपोऱ्या मोत्यांची माळ होती... आणि हातात लगाम. तो जरतारी पदरच बहुधा तिच्या तोंडून बोलून गेला.

टांग्याच्या चाकाशी उभ्या असलेल्या त्या तरण्या हमालानं मान वर केली. फाटकी बंडी, डोक्याला मळकं मुंडासं, आणि डोळे मात्र हसरे.

"बाईसाहेब," तो अदबीनं म्हणाला, "पेंढ्याचा न्हाई हो घाम. तुमची घोडी माज्या मुंडाशाकडं बघतीया. खाती का काय, त्याची धास्ती!"

पाखरीनं खरंच मान लांबवली होती. मेहमुदाला खुदकन हसू आलं. तिनं लगाम खेचला आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे कार्ल्याचा डोंगर होता, इंद्रायणीवरून उठणारं पौषातलं धुकं होतं, भाताची कापलेली खाचरं होती. त्यांतलं काहीएक तिला दिसलं नाही.

एकोणीसशे पस्तीस सालची ही गोष्ट. मुंबईची एक बोलपट कंपनी कार्ल्याच्या पायथ्याशी उतरली होती. त्या बोलपटाचं नाव आज कुणाला सांगितलं तरी आठवायचं नाही. पण त्या थंडीत साऱ्या मावळात दुसरा विषय नव्हता. गोष्ट होती एका जहागीरदाराच्या लेकीची. मोळ्या विकणाऱ्या गरीब तरुणावर तिचा जीव जडतो आणि एके दिवशी ती स्वतः टांगा हाकत, भर बाजारातून, वाडा सोडून निघून जाते.

अडचण एवढीच होती की नायिका लीलाबाई घोड्याच्या दहा हात लांबूनच थरथरायच्या.

कंपनीच्या माणसांना लोणावळा स्टेशनवरून कार्ल्याला आणायचं काम दस्तगीरच्या टांग्याकडे होतं. दस्तगीर वलवणचा. बायको गेलेली, एकुलती लेक मेहमुदा. दोन वर्षांपूर्वी त्याचं मनगट मोडलं, तेव्हा घोडीला पाण्यावर नेणं, गवत आणणं, टांगा जुंपणं सगळं या पोरीनं अंगावर घेतलं. पहिल्यांदा लोक कुजबुजले, मग सवय झाली. दिग्दर्शक महिपतरावांनी तिला एकदा माळावरून टांगा फेकत येताना पाहिलं आणि तिथंच टोपी उडवली.

"दस्तगीरभाऊ, तुमची मुलगी द्या चार दिवस. लीलाबाईंच्या जागी टांगा हाकेल."

"तोंड दिसंल का तिचं?" दस्तगीरनं विचारलं.

"छे! पाठ. फक्त पाठ दिसेल."

दस्तगीरनं दाढी कुरवाळली, लेकीच्या डोळ्यांतली चमक पाहिली आणि सुस्कारा टाकला. "पाठ दिसली तर दिसू द्या. पन तेवडीच."

म्हणून ते जांभळं पातळ. लीलाबाईंनी स्वतःच्या हातानं तिला नेसवलं होतं. मेहमुदा जरीला हात लावायलाही बिचकत होती, तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "अगं, घाबरतेस काय? माझं तरी कुठं आहे हे! कंपनीचं आहे. संध्याकाळी मीसुद्धा घडी करून परत देते."

तर तो हमाल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेहमुदा आपल्या साध्या लुगड्यात पाखरीला हरभऱ्याची चंदी खाऊ घालत होती. मागून कुणीतरी खाकरलं.

"सकाळच्या बाईसाहेब कुठं गेल्या म्हणायच्या?"

ती वळली. तोच. तिचे कान तापले, पण हनुवटी वर गेली. "गेल्या वाड्यावर. काय काम होतं?"

"काम असं नाही... त्यांचं हसू इथं पडलं होतं, ते द्यायला आलो होतो."

असलं बोलणं मेहमुदानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.  तिनं चंदीची पाटी त्याच्या हातात कोंबली. "धर ही. नुसता उभा ऱ्हाऊ नगंस."

त्यानं धरली. पाखरी खात राहिली. आणि ती दोघं, पाटीच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत उभी राहिली.

नाव हमीद. कामशेतचा. "तांदळाच्या वखारीत असतो," एवढंच तो म्हणाला. फाटकी बंडी, डोक्यावर गोणी, वखारीत असतो. मेहमुदानं काय समजायचं ते समजून घेतलं. त्यानं ते तसंच राहू दिलं.

तिचं काम चारच दिवसांचं होतं. पण कंपनी बारा दिवस राहिली आणि बाराही दिवस ती अब्बांबरोबर आली. पाखरीला आपल्याशिवाय करमत नाही, असं तिचं म्हणणं होतं. हमीदही बाराही दिवस आला. कंपनीनं कामशेतहून रिकाम्या गोण्या आणल्या होत्या, त्यांच्यावर नजर ठेवायला हवी, असं त्याचं म्हणणं. गोण्या कुठं पळून जाणार होत्या कोण जाणे!

कधी तो तिला भिजवलेले शेंगदाणे आणून द्यायचा. कधी ती भाकरीचा चतकोर त्याच्या हातावर ठेवायची.

"झुणका तिखट झालाय का?" ती विचारायची.

डोळ्यांत पाणी आणून तो म्हणायचा, "नाही... मुळीच नाही..."

"मग रडतोस का?"

"भाकरी संपली म्हणून."

एका दुपारी तो तिच्या तळहाताकडे पाहत राहिला. लगामानं तिथं घट्टे पडले होते. तिनं हात पटकन पदराखाली घेतला.

"लपवतेस कशाला?"

"चांगला न्हाई दिसत."

"मला तर..." तो थांबला. समोरच्या खाचरात बगळे उतरले होते. त्यांच्याकडे बघत त्यानं वाक्य पुरं केलं, "मला तर फार चांगला दिसतो."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर अब्बांनी तीनदा हाक मारली, तेव्हा कुठं मेहमुदानं ओ दिली.

शेवटच्या दिवशी महिपतरावांनी सगळ्यांना गोळा करून पेढे वाटले आणि बोलपटाचा शेवट सांगितला. नायिका झोपडीत येते, जहागीरदार बंदूक घेऊन मागे धावतो... आणि तेवढ्यात उलगडा होतो की तो मोळीविक्या म्हणजे लहानपणी जत्रेत हरवलेला एका सरदाराचा मुलगा! मग काय, सनईचौघडा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहमुदाचा पेढा मात्र हातातच राहिला.

"काय झालं?" हमीदनं हळूच विचारलं.

"ह्यो कसला शेवट? ती गरिबासाठी घर सोडून आली ना? मग तो श्रीमंतच निघाला तर तिनं सोडलं काय?"

"पण... बरंच झालं की. तिला सुख मिळालं."

"कसलं सुख? मी असते तर म्हटलं असतं, आजवर मी बोलत हुते ते कुणाशी? मला भेटला तो ह्यो न्हवंच."

 हमीदच्या चेहऱ्यावरचं हसू कुठंतरी गेलं. मेहमुदाला वाटलं, उद्यापासून भेट नाही म्हणून त्याला वाईट वाटतंय. तिला ते गोड वाटलं.

"कामशेतला आलीस तर भेटशील का?" असं त्यानं विचारायला हवं होतं, की तिनं... शेवटी तिनंच विचारलं, "पाखरीच्या चंदीला आमी कामशेतला येतो कदीमदी. दिसशील का तितं?"

"मेहमुदा, तुला एक सांगायचंय..."

"चल गं!" अब्बांनी टांगा जुंपला होता. ते सांगणं राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी बापलेक कामशेतच्या बाजारात गेली. मेहमुदानं हिरवं लुगडं नेसलं होतं, ठेवणीतलं. अब्बा चंदीचा भाव करत होते, तेवढ्यात ती वखारीच्या दाराशी गेली. पाठीवर पोतं घेतलेला एक वयस्क हमाल बाहेर येत होता. गेणू म्हणून कुणीतरी त्याला हाक मारली.

"गेणूभाऊ," ती म्हणाली, "हितं हमीद म्हनून हमाल हाय ना? कुटं असंल?"

"हमाल?" गेणूनं पोतं खाली ठेवलं आणि तो हसला. "पोरी, हमीद म्हंजी आमचं धाकलं शेट. इब्राहिमशेटचा ल्योक. त्ये काय, गादीवर बसल्यात."

तिनं पाहिलं. पांढरीशुभ्र गादी, तक्क्याला टेकलेला इस्त्रीचा कोट, डोक्यावर मखमली टोपी. आणि तिच्याकडे पाहून पांढरा पडलेला तो चेहरा.

तो उठून धावत बाहेर आला. "मेहमुदा, ऐक... मी त्या दिवशी सांगणारच होतो. आमच्या गोण्या द्यायला गेलो होतो तिथं. एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी मला उभं केलं. आणि मग तू बोललीस, आणि..."

"आनि तुमाला गंमत वाटली."

तुमाला. हमीदच्या काळजाला ते चरचरत गेलं.

"तूसुद्धा बाईसाहेब झालीच होतीस की," तो कसंबसं म्हणाला.

"माजं नाटक एका सकाळचं हुतं, हमीदशेट. तुमचं बारा दिवसांचं." तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी तुमाला चतकोर भाकर दिली. माज्या अब्बांचं मनगट कसं मोडलं, आईची आठवन कदी येती, समदं सांगितलं. बराबरीचा वाटला म्हनून सांगितलं. शेटला सांगितलं नसतं मी."

ती वळली आणि टांग्यात जाऊन बसली. वाटेत अब्बांनी लगाम सैल सोडला. पाखरीही त्या दिवशी फार सावकाश चालली.

माघ गेला, फाल्गुन गेला. हमीद तीनदा वलवणला आला. तिन्ही वेळा मेहमुदा घराच्या मागल्या दारानं तळ्याकडे निघून गेली. दस्तगीरनं त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तिसऱ्या खेपेला तो म्हातारा लेकीला म्हणाला, "पोरगं फाटक्या बंडीत आलतं आज."

तिनं चमकून पाहिलं.

"न्हाई, थट्टा केली. चांगल्या कोटातच आलतं. मला म्हनालं, चाचा, मी हाय असा हाय, हमालाचं सोंग पुन्ना न्हाई करायचो. तिला राग यायचा तेवडा येऊ द्या, मी येत ऱ्हाईन." दस्तगीरनं बिडी शिलगावली. "मला आवडलं ते."

मेहमुदा उठून चुलीपाशी गेली. पण चौथ्या खेपेला ती मागल्या दारानं गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "उनातून आलात. पानी घ्या."

एवढंच. पण हमीदनं ते पाणी असं प्यायलं की जणू पहिल्यांदाच तहान लागली होती.

वैशाखात त्याची आई, रोशनबी, स्वतः वलवणला आली. ठेंगणी, बोलकी बाई. आल्या आल्या तिनं मेहमुदाची हनुवटी धरली. "माझ्या पोरानं तुझ्याशी लबाडी केली म्हणे? त्याचे कान मी उपटलेत. आता तुला उपटायचे असतील तर निकाह कर, हक्कानं उपट." मेहमुदा लाजून आत पळाली. दस्तगीर हसता हसता रडला.

आता सगळं सरळ होईल असं वाटलं होतं. पण आषाढ लागला, लोणावळ्याचा तो आठआठ दिवस न थांबणारा पाऊस सुरू झाला, आणि एका दुपारी एक परका माणूस छत्री मिटून गोठ्यात शिरला. त्यानं पाखरीचं तोंड उघडून दात पाहिले. पाय उचलून खूर पाहिले.

"काय करताय?" मेहमुदा ओरडली.

"घोडी बघतोय. दस्तगीरभाऊंनी निरोप दिलाय की, इकायचीय म्हनून."

तिनं त्याला हाकलूनच दिलं. मग ती अब्बांसमोर जाऊन बसली. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"का, अब्बा?"

दस्तगीरनं बिडीची राख झटकली. "इब्राहिमशेटचा सांगावा आलाय. लगीन मान्य हाय त्येंला. पन व्याही स्टेशनात टांगा घिऊन हुबा असतो, हे बरं दिसत न्हाई म्हनं. दुकानात बसायचं. बसून खायाचं. वंगाळ काय हाय त्यात? उमर झाली माजी..."

"हमीदला ठावं हाय?"

"न्हाई. त्येला सांगू नगा म्हनालं. तूबी सांगू नगंस, पोरी. माजं काय? दोन वर्सं कमी, दोन वर्सं जास्त. तुजं सुख..."

त्याचा आवाज पावसात बुडाला. मेहमुदानं त्याचा तो वाकडा सांधलेला हात दोन्ही हातांत घेतला. चाळीस वर्षं ह्या हातानं लगाम धरला होता. किती आजारी माणसं दवाखान्यात नेली, किती माहेरवाशिणी घरी पोचवल्या. आणि आता हा हात दिसायला बरा नाही?

त्याच संध्याकाळी, चौथीपर्यंत शिकलेल्या वळणदार अक्षरात तिनं पत्र लिहिलं.

"हमीद यांस. माझे अब्बा टांगा सोडणार नाहीत. आणि जे घर त्यांना तो सोडायला लावतं, ते घर मला नको. सिनेमात गरिबाला शेवटी सरदार करून टाकला, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. तुमच्या घरचे माझ्या अब्बांना तसंच करू पाहतात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं ऐकलं, म्हणून लिहिते. तुमच्यावर राग नाही. — मेहमुदा दस्तगीर."

शेवटची ओळ लिहिताना अक्षर थोडं फिसकटलं. तिनं म्हटलं, पावसाचा थेंब असेल.

दोन दिवस गेले, चार गेले. डाकवाला आला नाही, कुणीच आलं नाही. तळं काठोकाठ भरलं. मेहमुदा पाखरीला खरारा करायची आणि मध्येच हात थांबायचा. आपण बरोबर केलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बरोबर केल्यावर इतकं दुखतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी, धुवांधार पावसात, घुंगरांचा आवाज आला. अब्बा एवढ्या लवकर? ती दाराशी आली आणि थबकली. टांग्याच्या पुढच्या बाकावर, अब्बांना खेटून, पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेले एक स्थूल गृहस्थ बसले होते. मागं रोशनबी. आणि तिच्या बाजूला, नखशिखान्त भिजलेला हमीद.

ते गृहस्थ उतरले आणि ओट्यावर येऊन त्यांनी खोळ झटकली. "मी इब्राहिम," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घोडी विकली नाहीत तर, दस्तगीरभाऊ."

"न्हाई, शेट. लेकीनं इकू दिली न्हाई."

"बरं केलं. नाहीतर आज स्टेशनातून चालत यावं लागलं असतं." मग ते मेहमुदाकडे न बघताच, जणू दाराला सांगावं तसं म्हणाले, "ह्या पोरानं तुझं पत्र वखारीत, सगळ्या हमालांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवलं मला. वर म्हणाला, चाचांना टांगा सोडावा लागला तर मीही गादी सोडीन. मी म्हटलं, सोड. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. मग हिनं..." त्यांनी रोशनबीकडे बोट दाखवलं, "हिनं म्हटलं, तुमचे अब्बा तांदूळ कसे विकायचे ते सांगा लोकांना. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकायचे. सांगितलं. आज स्टेशनातही सांगत आलो. पुढच्या बाकावर बसून. झालं समाधान?"

"पाटी जड असंल," दस्तगीर हळूच म्हणाला.

"फार जड," इब्राहिमशेट म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "आत बोलवणार आहात की इथंच?"

मेहमुदा चुलीकडे पळाली. आधण ठेवलं. आतून दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं: भाताची कापणी झाल्यावर... जुम्म्याचा दिवस... काजीसाहेब... सगळं ठरत चाललं होतं.

मागल्या दारात सावली पडली. हमीद. केसांतून पाणी निथळत होतं.

"आत काय बसायचं न्हाई का?" तिनं चुलीत फुंकर घालत विचारलं.

"आत तारीख ठरतेय. सगळे एकमेकांना विचारताहेत. तुला कुणी विचारलं का?"

ती फुंकायची थांबली. "न्हाई."

"म्हणून मी इकडून आलो." तो उंबऱ्यावर बसला. बोलपटातल्यासारखं बोलणं त्याला खूप सुचायचं, पण आज एक अक्षर सुचेना. "मेहमुदा, मी तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा आहे. माझं खरं एवढंच आहे. तू मला... म्हणजे, तुझी मर्जी असेल तर... नसेल तरी सांग, मी अब्बांना घेऊन परत..."

"एवड्या पावसात?"

"पावसात."

"न्हाऊन निघशील."

"आता काय कोरडा आहे का?"

तिला हसू फुटलं. ओल्या लाकडांच्या धुरानं तिचे डोळे भरून आले होते. नुसत्या धुरानंच, असं तिचं म्हणणं. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या कपाळावरून ओघळणारं पाणी पदरानं टिपलं. हळूच. एकदा... आणि मग पुन्हा.

"माजी मर्जी हाय," ती म्हणाली. "लय दिवसांपासनं हाय. तुला पत्र लिहिलं तवाबी हुती."

हमीदनं तिचा पदर धरलेला हात धरला आणि तो सोडायचं विसरूनच गेला. बाहेर पाऊस कोसळत होता. वलवणचं तळं, डोंगर, रस्ता सगळं पांढरं झालं होतं.

"पोरी!" आतून रोशनबीची हाक आली. "चहाला अजून किती वेळ?"

"झालाच!" दोघं एकदम ओरडली.

आधण खळखळ उकळत होतं आणि त्यात चहाची पूड अजून पडायचीच होती.